लॉरेन्समधल्या पोलिश गिरणी कामगाराचे घर आठवड्याला पावणेनऊ डॉलरमध्ये कसे चालत असे?

अमळनेरची वाचक

नमस्कार. आमच्या अमळनेरच्या वाचन मंडळात पुढच्या महिन्यात गिरणीगावांतील कुटुंबांच्या जगण्यावर चर्चा ठरली आहे. अमळनेर आणि धुळ्याच्या गिरण्यांविषयी बोलणारे जाणकार आमच्याकडे आहेत. किंबहुना ज्यांचे वडील किंवा आजोबा प्रताप मिलमध्ये कामाला होते अशीच माणसे मंडळात अधिक आहेत. माझ्या वाट्याला मात्र दूरचा विषय आला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीकाठी वसलेले लॉरेन्स हे गिरण्यांचे शहर आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे येऊन राहिलेली पोलिश कुटुंबे यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

लॉरेन्समधल्या १९१२ च्या संपाविषयी वाचायला पुष्कळ मिळाले. पुढारी कोण होते, सरकारने काय केले, तडजोड कशी झाली, हे सारे मी टिपून ठेवले आहे. परंतु संप नसताना, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, त्या घरात काय चालत असेल याचे चित्र माझ्या मनात उभे राहत नाही. अमेरिकेच्या कामगार आयुक्तांनी संपाची चौकशी करून जो अहवाल दिला, त्यात १९११ च्या अखेरच्या एका पूर्ण आठवड्याचे आकडे आहेत. त्या आठवड्यात सुमारे २२,००० कामगारांना सरासरी ८ डॉलर ७६ सेंट मजुरी मिळाली, आणि जवळजवळ एक तृतीयांश कामगारांच्या हातात ७ डॉलरहूनही कमी पडले.

एवढ्या मजुरीत तीन-चार मुलांचे कुटुंब जगत होते, भाडे भरत होते, गावाकडे पैसे पाठवत होते आणि वर चर्चही बांधत होते, हे हिशोबात बसत नाही. मग बाकीचे पैसे कुठून येत होते? घरातले कोणकोण कामाला जात होते? आणि त्यांची तुलना आपल्या भागातून पोटासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबांशी केली तर ती योग्य ठरेल का? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठ

ताई, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. एका माणसाच्या मजुरीवर ते घर चालतच नव्हते, आणि ज्या कमाईवर ते चालत होते तिची नोंद गिरणीच्या हजेरीपटात होत नव्हती. पण आधी ही माणसे तिथे का गेली ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय त्यांची काटकसर समजणार नाही.

१७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत त्या नावाचा देश नकाशावर नव्हता. त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी नोंदींत पोलिश माणूस पुष्कळदा रशियन किंवा ऑस्ट्रियन म्हणून सापडतो. आपण जुने आकडे पाहणार असाल तर हे ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांतात १८४८ साली आणि रशियाच्या ताब्यातील भागात १८६४ साली शेतकरी वेठबिगारीतून सुटले. पण जमीन थोडी आणि वारस अनेक, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होत गेल्याने गॅलिशियातले तुकडे इतके लहान झाले की त्यांवर वर्षाचे धान्यही निघेना. आपल्याकडे सात-बारावर भावकीची नावे वाढत जातात तेव्हा जे होते, तेच तिथे झाले. मग घरातला एक धडधाकट माणूस जर्मनीतल्या ब्रेमेन किंवा हॅम्बुर्ग बंदरातून जहाजात बसे, अमेरिकेत काम धरी, आणि वर्ष-दोन वर्षांत बायकोसाठी किंवा धाकट्या भावासाठी आगाऊ पैसे भरून जहाजाचे तिकीट पाठवून देई. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात दोन-चार वर्षे कमवावे आणि परत जाऊन जमीन घ्यावी एवढाच बेत होता, आणि बरेच जण खरोखरच परत गेले.

आता घराच्या हिशोबाकडे येतो. लॉरेन्समधली मजुरी तासाला सरासरी १६ सेंट होती. कुटुंबातला पुरुष कताई किंवा रंगाई खात्यात जाई. बायको मूल अंगावर नसेल तेव्हा साच्यावर, म्हणजे मागावर, किंवा बॉबिन (सुताच्या रिळी) भरण्याच्या खात्यात जाई. आणि कायद्याने चौदा वर्षे पुरी झाली की मुलगा किंवा मुलगी कामाला लागे. वयाचा दाखला खोटाही मिळत असे. कॅमेला टिओली या इटालियन मुलीने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे १९१२ साली सांगितले, की ती तेरा वर्षांची असताना एका माणसाने तिच्या वडिलांकडून ४ डॉलर घेऊन ती चौदा वर्षांची असल्याचा कागद करून दिला. पुढे यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी सोलून निघाली. ती पोलिश नव्हती, पण त्याच गिरण्यांत, त्याच दाखल्यांवर पोलिश मुलेही काम करत होती, म्हणून तिची साक्ष आपण चर्चेत जरूर वाचावी असे मला वाटते.

तरीही दोन-तीन जणांची मजुरी पुरी पडत नसे, कारण गिरणीचे काम वर्षभर सारखे नसे आणि आजारपणात एक पैसाही मिळत नसे. ती तूट घरातले भाडेकरू भरून काढत. चार खोल्यांच्या घरात नवरा, बायको आणि मुले एका खोलीत दाटीने झोपत आणि उरलेल्या जागेत गावाकडचे तीन-चार तरुण राहत. प्रत्येकाकडून महिन्याला साधारण दोन-तीन डॉलर घेतले जात. त्यात झोपायची जागा, कपडे धुणे आणि स्वयंपाक करून देणे येई, पण धान्य आणि मांस ज्याचे त्याने आणायचे. घरधनीण प्रत्येकाचा वाणसामानाचा हिशोब वेगळ्या वहीत ठेवी. काही घरांत तर एकाच भांड्यात सगळ्यांचे मांस शिजायला टाकताना कोणता तुकडा कोणाचा हे ओळखू यावे म्हणून त्याला खुणेचा दोरा बांधत असत. तिघांचे पैसे एकत्र केले तर ते गिरणीतल्या जवळपास एका आठवड्याच्या मजुरीइतके होतात. एवढी भर ज्या घरात पडत होती, त्या घरातली बाई जनगणनेत मात्र "काही काम करत नाही" म्हणून नोंदली गेली.

तिच्या कामाची यादी मनात आणून पाहावी. नवरा, तीन मुले आणि चार भाडेकरू यांची न्याहारी पहाटे गिरणीचा भोंगा होण्याआधी, दुपारचे डबे, आठ-नऊ माणसांच्या लोकरीच्या तंतूंनी आणि तेलाने माखलेल्या कपड्यांची धुलाई, तीही कोळशाच्या चुलीवर पाणी तापवून, रात्री कोबी आणि बटाट्याचे जेवण, राय या धान्याचा काळा पाव. मुले शाळेतून आल्यावर रेल्वेच्या रुळांकडेला पडलेला कोळसा आणि लाकडाचे तुकडे गोळा करून आणत. माझे मत विचाराल तर त्या घराचा खरा आधारस्तंभ गिरणीत जाणारा पुरुष नव्हता. ही बाई होती, आणि आपल्या मांडणीच्या मध्यभागी तिलाच ठेवावे.

उधन्याचा खान्देशी

तापीकाठ सरांनी लिहिलेले वाचून मला आमचीच वस्ती आठवली, म्हणून तुलनेच्या प्रश्नावर लिहितो. आमचे मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात आहे. वडील तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या पॉवरलूमवर कामाला लागले. उधना आणि लिंबायत भागात गल्लीच्या गल्ल्या खान्देशी माणसांच्या आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

आमच्या आईने बरीच वर्षे खानावळ चालवली. एका खोलीत आम्ही राहत होतो आणि पोटमाळ्यावर गावाकडची मुले. त्यांच्यापैकी कोणी मामाच्या गावचा, कोणी चुलत्याच्या ओळखीचा, अशी सगळी नात्यागोत्यातली साखळी होती, आणि साच्यावर चिकटवून देणारा मुकादमही आपल्याच तालुक्यातला असे. पगार होईपर्यंत जेवण उधारीवर चाले आणि पगाराच्या दिवशी आई वही घेऊन बसे. भिशीचे पैसेही तिच्याकडेच जमा होत. बहिणीचे लग्न, गावच्या घराचे पत्रे, धाकट्या काकाचे आयटीआयचे शिक्षण, ही सगळी मोठी कामे वडिलांच्या पगारातून झाली असे घरात सांगितले जाई. खानावळीच्या पैशांचा उल्लेख त्यात कोणी करत नसे, म्हणून तो मी इथे मुद्दाम करतो आहे.

त्यामुळे तुलना योग्य आहे असे मला वाटते, पण दोन ठिकाणी सावध राहावे. एक म्हणजे, एकाच खाटेवर दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोघे आळीपाळीने झोपतात, हे आमच्याकडे पाहिलेले आहे आणि अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांच्या गावांतही ते होते. परंतु लॉरेन्सच्या गिरण्या त्या काळात मुख्यतः दिवसा चालत, तेव्हा ते चित्र तिथे सरसकट लावू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुरतेहून रात्री गाडीत बसले तर तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने सकाळच्या आत माणूस नंदुरबार किंवा दोंडाईच्याला उतरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या बहिणी माहेरी जात, पेरणीच्या वेळी वडील सुट्टी काढून शेतावर जात, आजी वारली तेव्हा सगळे कुटुंब दुसऱ्या दिवशी गावात हजर होते. गॅलिशियातून आलेल्या बाईने बोटीत पाय ठेवला की आईवडिलांचे तोंड पुन्हा पाहण्याची शक्यता फार थोडी राही. तिच्या आईच्या मृत्यूची बातमी तिला काही आठवड्यांनी पत्रातून कळत असे. घर सोडण्याचे दुःख आम्हालाही आहे, पण ते आणि हे एका तराजूत घालू नये.

अमळनेरची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. भाडेकरूंचा हिशोब वाचल्यावर आकड्यांचा मेळ बसू लागला आहे. आता एक पुढचा प्रश्न विचारते. संपाची सुरुवात पोलिश स्त्रियांनी केली असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आहे. ज्या स्त्रियांवर घराचा एवढा भार होता आणि ज्यांना संप परवडणारा नव्हता, त्यांनीच तो का सुरू केला असावा? आणि चर्च, शाळा, भाषा यांबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

धुळेकर नाना

ताई, आपण जे कारण अडचणीचे मानता तेच मला संपाचे कारण वाटते. ज्या बाईला आठवड्याचा एकेक सेंट कुठे जातो हे पाठ असते, तिला पाकिटातली कपात सर्वांत आधी कळते.

घडले ते असे. मॅसॅच्युसेट्सने स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांच्या कामाचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांवर आणला आणि हा कायदा १ जानेवारी १९१२ पासून लागू झाला. दोन वर्षांपूर्वी ५८ तासांचे ५६ झाले होते तेव्हा मालकांनी दर वाढवून मजुरी पूर्वीइतकीच राखली होती, म्हणून या वेळीही तसेच होईल अशी लोकांची समजूत होती. मालकांनी या वेळी दोन तासांचे पैसे कापले. तासाला १६ सेंट धरले तर दोन तासांचे ३२ सेंट होतात. ११ जानेवारीला, गुरुवारी, एव्हरेट या सुती कापडाच्या गिरणीत पोलिश विणकर स्त्रियांच्या पाकिटांत पैसे कमी निघाले. त्यांनी साचे थांबवले आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन आणि वूड या अमेरिकन वुलन कंपनीच्या गिरण्याही बंद पडल्या. काही दिवसांत वीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर होते. शहराची एकूण लोकसंख्या तेव्हा सुमारे ८६ हजार होती, यावरून त्याची व्याप्ती लक्षात येईल.

आपल्या मंडळात या आकड्यांशेजारी एक आपल्याकडचा आकडा ठेवावा. भारतात १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, म्हणजे सहा दिवसांचे बहात्तर तास होतात. जळगावची गिरणी तोवर कित्येक वर्षे चालू होती आणि अमळनेरचीही सुरू झाली होती, तेव्हा आपल्या पणजोबांच्या पिढीला हाच नियम लागू होता. लॉरेन्सची माणसे चोपन्न तासांच्या आठवड्यात मजुरी घटू नये म्हणून भांडत असताना इथे बहात्तर तासांचा आठवडा ही सुधारणा मानली जात होती. मला हे दर वेळी वाचताना अस्वस्थ करते.

संपाच्या काळात घर कसे चालले, हे पाहण्यासारखे आहे. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या गटांनी आपापले प्रतिनिधी संप समितीवर पाठवले आणि सभेतले प्रत्येक भाषण अनेक भाषांत उलगडून सांगितले जाई. सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली. ज्या बायका आठ-नऊ माणसांचे जेवण रोज रांधत आल्या होत्या त्यांना शेकडोंचे रांधणे अवघड गेले नसावे, असा माझा तर्क आहे. खाणारी तोंडे कमी व्हावीत म्हणून मुलांना न्यूयॉर्क आणि इतर शहरांतल्या सहानुभूतीदार कुटुंबांकडे पाठवण्यात आले. १० फेब्रुवारीला गेलेल्या ११९ मुलांसोबत मार्गारेट सँगर या परिचारिका होत्या. त्यांनी पुढे संसदीय समितीला सांगितले की त्या ११९ मुलांपैकी फक्त चौघांच्या अंगात आतले कपडे होते. लॉरेन्स हे जगातल्या मोठ्या लोकरी गिरण्यांचे शहर होते, आणि थंडी न्यू इंग्लंडच्या फेब्रुवारीची होती. २४ फेब्रुवारीला मुलांची पुढची तुकडी निघताना पोलिसांनी स्टेशनवर आयांना आणि मुलांना मारहाण करून पकडले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि संसदेची चौकशी बसली.

१४ मार्चला संपकऱ्यांनी तडजोड मान्य केली. मजुरीत वाढ झाली, आणि ज्यांची मजुरी सर्वांत कमी होती त्यांना टक्केवारीने सर्वांत जास्त वाढ मिळाली. जादा तासांना सव्वापट दर ठरला. पोलिश स्त्रियांच्या दृष्टीने पाहिले तर टक्केवारीची ही उलटी उतरंड फार मोलाची होती, कारण तळाच्या मजुरीत त्याच अधिक होत्या.

निवृत्त शिक्षिका, चोपडा

चर्च, शाळा आणि पत्रे यांविषयी मी लिहिते.

अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चवर त्या काळी आयरिश धर्मगुरूंचे वर्चस्व होते. पोलिश माणसाला कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, आपल्या भाषेत देता यावी, लग्न आणि अंत्यविधी गावच्या रीतीने व्हावेत, अशी ओढ होती. म्हणून जिथे जिथे शे-दोनशे घरे झाली तिथे त्यांनी स्वतःची पॅरिश, म्हणजे स्वतःचा धर्मगुरू असलेली स्थानिक चर्चमंडळी, मागितली आणि वर्गणी काढून चर्च उभारले. नाण्या-नाण्याने जमवलेल्या पैशांचे चर्च शेवटी बिशपच्या नावावर होते याचा राग काही ठिकाणी इतका वाढला, की पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन शहरी फ्रान्चिशेक होदुर या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १८९७ मध्ये पोलिश लोकांचे वेगळे राष्ट्रीय कॅथलिक चर्च निघाले आणि तिथे थोड्याच वर्षांत लॅटिनऐवजी पोलिशमध्ये उपासना सुरू झाली. गिरणी कामगारांच्या पैशांवर कोणाचा हक्क, हा प्रश्न या माणसांनी देवळातही विचारला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

चर्चच्या जोडीला मदत मंडळे होती. दरमहा थोडी वर्गणी भरायची आणि मृत्यू झाला तर घराला ठरावीक रक्कम मिळायची. त्यांतले पोलिश नॅशनल अलायन्स १८८० पासूनचे आहे. सुरुवातीला त्यात स्त्रियांना स्वतःच्या नावाने सभासदत्व नव्हते, म्हणून स्टेफानिया ख्मिएलिन्स्का यांनी १८९८ साली शिकागोत स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ काढले. जी बाई भाडेकरूंचा हिशोब ठेवत होती, तिच्या जिवालाही काही किंमत आहे हे कागदावर मान्य करणारी ही पहिली जागा असावी. तापीकाठ सरांच्या मुद्द्याला याची जोड द्यावी असे मला वाटते.

मुलांची शाळा बहुधा पॅरिशचीच असे. पोलिश नन, म्हणजे चर्चच्या धर्मभगिनी, शिकवत. धर्म, पोलिश वाचन आणि इतिहास आपल्या भाषेत, गणित वगैरे विषय हळूहळू इंग्रजीत. रशियाच्या आणि प्रशियाच्या ताब्यातील मुलखात पोलिश शिकवण्यावर बंधने होती, त्यामुळे गिरणीच्या धुराखाली वाढणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतली शाळा मिळत होती आणि मागे राहिलेल्या त्याच्या चुलतभावाला ती मिळत नव्हती. चौदाव्या वर्षी मात्र बहुतेकांची शाळा सुटे. आई-वडिलांना जमीन घ्यायची होती, घर घ्यायचे होते, आणि मुलाची मजुरी त्या बेतात धरलेली असे. यात त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही, पण मुलींच्या बाबतीत ते अधिक कठोरपणे होई, हेही सांगायला हवे.

पत्रांबद्दल एक माहिती आपल्या उपयोगाची आहे. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की या दोन समाजशास्त्रज्ञांनी पोलंड आणि अमेरिका यांच्यातल्या शेतकरी कुटुंबांची शेकडो पत्रे जमवून १९१८ ते १९२० या काळात पाच खंडांत छापली. त्या पत्रांची सुरुवात "येशू ख्रिस्ताची स्तुती असो" अशा ठरीव वाक्याने होते, मग सगळ्यांची खुशाली, मग नमस्कार, आणि मुख्य काम, म्हणजे पैसे किती पाठवले, जमिनीचा सौदा कुठवर आला, धाकट्याला बोलावू का, ते शेवटी. ज्यांनी आपल्या आजोबांची "पत्रास कारण की" असलेली पत्रे वाचली आहेत त्यांना ती पत्रे अजिबात परकी वाटणार नाहीत.

सणांबाबत एवढेच लिहिते. नाताळच्या आदल्या रात्री पहिली चांदणी दिसल्यावर घरातले सगळे एकत्र बसतात, ओप्वातेक नावाची पातळ पोळीसारखी चकती मोडून एकमेकांना देतात आणि अवचित येणाऱ्यासाठी एक ताट रिकामे ठेवतात. ही चकती पोलंडहून पत्रात घालून अमेरिकेत पाठवण्याचीही रीत होती. उधन्याला श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशची देवी बसते, तेव्हा नैवेद्याच्या रोटांसाठी गावाकडचेच गहू मागवणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा तपशील मला जवळचा वाटला.

तापीकाठ

शिक्षिकाबाईंनी राहिलेली बाजू उत्तम मांडली. नंतरच्या काळाचे थोडेसे जोडतो.

१९१९ साली लॉरेन्समध्ये पुन्हा मोठा संप झाला. या वेळची मागणी ५४ तासांच्या मजुरीत ४८ तासांचा आठवडा अशी होती. त्याच सुमारास पोलंड स्वतंत्र झाला आणि काही कुटुंबे साठवलेले डॉलर घेऊन परत गेली. १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली, त्यामुळे गावाकडून नवे तरुण येणे थांबले आणि भाडेकरूंची पद्धतही आपोआप आटत गेली. दुसरी पिढी इंग्रजीत बोलू लागली. गिरण्यांचे भांडवल दक्षिणेकडच्या राज्यांत गेले, कारण तिथे मजुरी कमी होती. १९५५ मध्ये अमेरिकन वुलन कंपनी दुसऱ्या उद्योगात विलीन झाली. आज लॉरेन्समध्ये प्रामुख्याने डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेली कुटुंबे राहतात.

आपण चर्चेसाठी तयारी करत आहात तर एक सुचवतो. अमळनेरला प्रताप मिलच्या कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या ज्या बायका होत्या, त्यांच्या मुली-सुना आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. त्यांना आधी मजुरीविषयी विचारू नये. हिशोबाची वही कोणाकडे असे, उधारी कोण वसूल करी आणि संपाच्या दिवसांत जेवण चालू ठेवले की बंद केले, हे विचारावे.

अमळनेरची वाचक

सर, हे तिन्ही प्रश्न मी लिहून घेतले आहेत. आमच्या मंडळातल्या एका बाईंच्या सासूबाई गिरणीच्या मागच्या गल्लीत अनेक वर्षे डबे देत होत्या आणि त्यांच्या वह्या घरात आहेत असे आजच समजले. त्या पाहायला मी शनिवारी जाते आहे. अमळनेर, धुळे, चाळीसगाव किंवा जळगावला ज्यांच्या घरी अशी खानावळ होती त्यांनी कृपया इथेच लिहावे. दर महिन्याचा दर, किती माणसे जेवत आणि ती कोणत्या गावांची असत, एवढे कळले तरी लॉरेन्सच्या हिशोबाशेजारी ठेवायला आपल्याकडचा एक खरा हिशोब मिळेल.